पद्मावतीचे डोहाळे आणि आमचं अर्धं तिकीट



आज स्वयंपाक थोडा आणि प्रवास जास्त आहे. पण सुरुवात लवंगेपासूनच करते, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं.

गेल्या श्रावणात माझी लेक तिच्या मैत्रिणीबरोबर इंडोनेशियाला गेली होती. दोघीच. टूरवाला नाही, गाडी ठरवलेली नाही, पाठीवर एकेक सॅक आणि मोजके पैसे. जावा बेटाच्या मधोमध दियेंग नावाचं उंच पठार आहे, सुमारे दोन हजार मीटरवर. तिथं वोनोसोबो गावाहून छोट्या बसने चढून जातात. वर काळ्या दगडाची जुनी शिवमंदिरं आहेत, बाराशे वर्षांपेक्षाही जुनी. मागाहून लोकांनी त्यांना महाभारतातली नावं दिली: अर्जुन, भीम, घटोत्कच, श्रीकंडी. तिथून तिचा फोन आला तो हसतच. "आई, इथे जिकडे बघावं तिकडे बटाटेच लावलेत गं!" जमीनकंदाचा त्याग असलेल्या घरातली पोर, फिरून फिरून नेमकी बटाट्याच्या पठारावर जाऊन पोचली. भात, उकडलेली पालेभाजी आणि तिथल्या डोंगरी पपईचे पाकातले तुकडे यांच्यावर तिने चार दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी उतरणीवरच्या गावातून तिने फोटो पाठवला. रस्त्याकडेला ताडपत्रीवर काहीतरी तांबूस-तपकिरी वाळत घातलेलं. लवंगा. आपल्या घरात गाळलेल्या पाण्यात लवंग टाकून ते दोन प्रहरांसाठी प्रासुक करतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती लवंग मुळात कुठली, याचा मी पन्नास वर्षांत कधी विचार केला नव्हता. अठराव्या शतकापर्यंत लवंगेचं झाड इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांखेरीज जगात कुठेही पिकत नव्हतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या जिने पाणी शुद्ध करत होत्या, ती बोटभर वस्तू समुद्र ओलांडून, बंदरं, घाट आणि बैलांचे तांडे करत बीडच्या देवघरापर्यंत येत होती. ती वापरणारीने मात्र गावची वेस ओलांडली की नाही, हे विचारायची सोय नव्हती. (तिथले लोक आज बहुतेक लवंग सिगारेटीत घालून ओढतात म्हणे. ऐकून मला कसंसंच झालं.)

लेकीने फोन ठेवता ठेवता विचारलं, "आई, तू का नाही जात कुठे? मैत्रिणीला घे आणि जा."

मैत्रीण म्हणजे आमच्याच गल्लीतली. दीड वर्षापूर्वी तिचे यजमान गेले. दुकान आता दीर बघतात. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण बीडपासून इतक्या जवळ असलेलं कुंथलगिरी तिने पाहिलेलं नव्हतं. दुकान बंद ठेवायचं कुणी, म्हणून दरवर्षी राहून गेलं. शिखरजीच्या संघाबरोबर जावं तर माणशी रक्कम ऐकूनच ती गप्प बसली. मी म्हटलं, आपण दोघी एसटीने जाऊ. तिने घरी विचारलं. दीर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. ते एवढंच म्हणाले, "वैनी, संघ निघेल तेव्हा जा. आपल्यात बायकांनी एकट्यानं यात्रा केलेली कधी ऐकली आहे का?"

आम्ही दोघी होतो, तरी त्यांच्या हिशेबात आम्ही 'एकट्या'च. पण प्रश्न बरोबर होता. ऐकली आहे का? मी भांडायला गेले नाही. घरातली पुस्तकं काढून बसले. आजचं लिखाण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आणि शेवटी आमच्या प्रवासात जे सापडलं ते.

आधी आजीचं सांगते. माझी आजी आयुष्यात बीड सोडून तीनदा बाहेर पडली, त्यातली एक वेळ १९५५ सालची. त्या वेळी बीड आणि धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, दोन्ही हैदराबाद राज्यात होते. आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर यम सल्लेखना घेतली होती. बेळगावकडच्या भोज गावच्या पाटलाच्या घरातला हा माणूस, तोवर ऐंशी ओलांडलेला. भारतभर पायी विहार करून झाल्यावर देह ठेवायला त्यांनी आपल्या बालाघाटाच्या कुशीतली ही लहानशी टेकडी निवडली. ८ सप्टेंबरला त्यांनी शेवटचा उपदेश केला, तोही मराठीत. तो ध्वनिमुद्रित झाला, म्हणून आजही ऐकायला मिळतो. १८ सप्टेंबरला सकाळी त्यांची समाधी झाली. लोक देशभरातून आले. आगगाडीने येणारे बार्शीला उतरत. बार्शी लाइट ही अरुंद रुळांची गाडी १८९७ पासून तिथवर होती. तिथून पुढे बैलगाडी किंवा मिळेल ते वाहन. आपल्याकडचे लोक बीडहून घाट चढून गेले.

आजी गेली ती सासऱ्यांच्या मागे, अंगावर पिणारं मूल घेऊन, आठ-दहा बायकांच्या घोळक्यात. भाद्रपदाचा चिखल. दर्शन झालं ते दुरून, माणसांच्या खांद्यांमधून. तिला महाराजांचा चेहरा नीट आठवत नसे. आठवायचं ते वेगळंच. ती म्हणायची, "वर चढले आणि एवढं मोठं आभाळ असतं हे तेव्हा कळलं." लहानपणी मला वाटायचं, ही धर्माचं सोडून आभाळाचं काय सांगते!

आपल्या बायकांनी प्रवास केलाच नाही, असं नाही. खूप केला. गिरनार, शिखरजी, श्रवणबेळगोळ, आपल्या घरातल्या जुन्या ट्रंकांवर अजून तिथली नावं रंगवलेली सापडतील. पण तो सगळा संघाबरोबरचा, संघपती पुढे आणि बायका गाडीत. किती वाजता उठायचं, कुठे थांबायचं, किती वेळ डोळे भरून बघायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. याला मी नावं ठेवत नाही. चोराचिलटांचे दिवस होते, रस्ते नव्हते. निझामाच्या राज्यात सरकारी बस आली ती १९३२ साली आणि तीही साऱ्या राज्यात मिळून सत्तावीस गाड्या. इकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली. आणि बीडला रेल्वे बघायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तेव्हा बायकांनी संघाशिवाय जायचं तरी कसं होतं, हेही दिरांच्या प्रश्नाला एक उत्तरच.

पण शास्त्र काय म्हणतं? वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात आर्यिकांनी कसं राहावं याचं वर्णन आहे. आर्यिकेनं एकटीनं राहायचं नाही, हे खरं. पण मग किती जणींनी राहायचं? दोघी, तिघी किंवा पुष्कळ जणी मिळून, एकमेकींना सांभाळत. मी ती ओळ तीनदा वाचली. दोघी! सोबतीला पुरुष हवा असं तिथे म्हटलेलं नाही. एकीला दुसरी हवी. ज्या साध्वी-आर्यिका आपल्या दारावरून विहार करत जातात, त्याही अशाच, मैत्रिणी-मैत्रिणी. सगळ्यांत कडक नियम पाळणाऱ्या बायका जर दोघी मिळून 'एकट्या' ठरत नाहीत, तर आपण गृहस्थाश्रमातल्या कशा ठरतो?

आणि गृहस्थाश्रमातलं उदाहरण हवं असेल तर मगनबाई. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची ही मुलगी. विशीच्या आसपास वैधव्य आलं. त्या काळात पुढची वाट ठरलेली असायची: मागची खोली, पांढरं नेसणं, जपमाळ. वडिलांनी तिला शिकवलं. अभ्यासाला सोबत मिळाली ललिताबाईंची. पुढे सोलापूरच्या कंकूबाई जोडल्या गेल्या, शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. तिघीही विधवा. या तिघींनी गावोगाव फिरून बायकांच्या सभा घेतल्या, मुलींना शाळेत घाला म्हणून सांगितलं, श्राविकाश्रम काढला, दिगंबर जैन महिला परिषद उभी केली. हे सगळं १९१० च्या आगेमागे, म्हणजे माझ्या आजीच्या जन्माच्याही आधी. मगनबाईंना समाजाने 'जैन महिलारत्न' म्हटलं. पुरस्कार देताना कुणी विचारलं नाही, की रेल्वेत तुमच्यासोबत कोण होतं.

मगनबाईंकडे वडिलांचा पैसा होता, असं कुणी म्हणेल. खरं आहे. आमच्याकडे तो नव्हता, पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. माझ्या मते बीडसारख्या जिल्ह्यातल्या बाईसाठी गेल्या कित्येक वर्षांत याच्याएवढी मोठी गोष्ट झाली नाही. दवाखाना, माहेर, लेकीची शाळा आणि आता यात्रा, सगळं निम्म्यावर आलं. त्यावर हसणारे पुरुष मी गाडीत ऐकलेत, "आता बायकाच बायका" म्हणणारे. हसू देत.

मूलाचार आणि मगनबाई मी मैत्रिणीच्या घरी जाऊन सांगितल्या. दीर ऐकून घेऊन म्हणाले, "पुस्तकातलं ठीक आहे, राहायला खोली कोण देणार?" ही शंका खोटी नव्हती. मागे एकदा एका क्षेत्रावर, नाव सांगत नाही, आम्हा मायलेकींना धर्मशाळेच्या खिडकीत अर्धा तास उभं ठेवलं होतं, "सोबत जेन्ट्स कोण" म्हणून. म्हणून या वेळी आधी फोन करून दोघींच्याच नावाने खोली सांगून ठेवली. तिकडून "या" म्हणाले, तो विषय मिटला.

चातुर्मास संपला, दिवाळीची आवराआवर झाली आणि आम्ही निघालो. बरोबर काय घेतलं ते सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारणार. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, दोन दिवसांच्या बेताच्या. शेंगदाण्याची चटणी, बिनलसणाची. (शेंगा जमिनीखाली येतात म्हणून कंद नव्हेत, हा खुलासा मी प्रत्येक प्रवासात एकदा तरी करते.) भाजक्या डाळ्यांचं पीठ, गूळ, छन्ना, तांब्या आणि चिमूटभर लवंगा पुडीत बांधून. दिवस लहान होते, सहाच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळचं जेवण पाचलाच उरकायचं असं ठरवलं. दोघींच्या प्रवासातली ही खरी चैन: आपली वेळ आपण पाळायची, साठ माणसांच्या पंगतीसाठी थांबायचं नाही.

बीडहून दक्षिणेला गाडी निघाली की मांजरसुंब्याचा घाट लागतो. तिथून तुम्ही गोदाकाठच्या सखल मुलखातून वर बालाघाटावर येता. आपला जिल्हा असा दोन मजली आहे, हे खाली राहून लक्षात येत नाही. वरचा मजला दुष्काळी, खडकाळ, ज्वारीचा आणि सीताफळांचा; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच डोंगराच्या जिवावर. मांजरा नदी इथलीच, पाटोदा तालुक्यात उगम पावून पार तेलंगणात जाते. उसाला कोयता घेऊन जाणारी जोडपी ट्रॅक्टरमागे बसून चालली होती, बाई पोराला पदराखाली घेऊन. मैत्रीण बराच वेळ तिकडे बघत होती. म्हणाली, "या तर दरवर्षी जातात. यांना कुणी विचारतं का, सोबत कोण?" मला उत्तर सुचलं नाही. त्या बाईच्या प्रवासाला आपण प्रवास म्हणतच नाही.

चौसाळा, पारगाव, मग सरमकुंडी फाटा. फाट्यावर उतरलं की खव्याचा वास येतो. कुंथलगिरीचा खवा आणि पेढे तुम्हाला ठाऊक आहेतच. त्या खव्यालाही आता मानांकन मिळालं आहे. तिथून टेकडी जवळ.

कुंथलगिरी आपलं सिद्धक्षेत्र का, ते मुलांना सांगता यावं म्हणून थोडक्यात लिहिते. कुलभूषण आणि देशभूषण हे दोन राजपुत्र, सख्खे भाऊ. लहानपणीच गुरूकडे शिकायला पाठवलेले. शिकून नगरात परतताना गवाक्षात एक मुलगी दिसली आणि दोघांचंही मन तिच्यावर गेलं. मग कळलं की ती त्यांचीच बहीण, ते दूर असताना जन्मलेली. त्या क्षणी दोघांनी घरात पाऊल न टाकता दीक्षा घेतली. पुढे डोंगरावर ध्यानस्थ असताना त्यांच्यावर उपसर्ग झाला आणि तो वनवासात फिरणाऱ्या राम-लक्ष्मणांनी दूर केला. सीता सोबत होतीच. सातव्या शतकातल्या रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात ही कथा विस्ताराने आहे.

मी ही कथा शंभरदा ऐकली असेल. या वेळी वर बसून मला पहिल्यांदा त्या बहिणीची आठवण झाली. ती बिचारी गवाक्षात उभी होती, एवढाच तिचा भाग. ती बाहेर का बघत होती? भाऊ येणार म्हणून असेल. किंवा नुसतंच, रस्त्यावर काय चाललंय ते बघायला. खिडकीपर्यंतच तिची हद्द होती. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी दुकानाच्या माडीवरून बावीस वर्षं तेच केलं." मग दोघी गप्प बसलो. समोर आजीचं आभाळ होतं. ती खोटं सांगत नव्हती. टेकडी उंच नाही, पण भोवती माळच माळ, नजर कुठेच अडत नाही.

महाराजांच्या समाधीपाशी मैत्रीण खूप वेळ बसली. मी तिला हाक मारली नाही. संघाबरोबर असतो तर शिट्टी वाजली असती.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्यावरून धाराशिव. गावाला मधल्या काळात उस्मानाबाद म्हणत, निझाम मीर उस्मान अलींच्या नावावरून. २०२३ मध्ये जुनं नाव परत आलं. गावाबाहेर डोंगराच्या कुशीत लेणी आहेत. आम्ही रिक्षा केली, जाता-येताची ठरवून आणि आधी घासाघीस करून. (यात माझी मैत्रीण दुकानदारीण निघाली. मी कौतुकाने बघत राहिले.)

आपल्या बायकांपैकी किती जणींनी ही लेणी पाहिली आहेत? वेरूळला सगळ्या जातात, इथे कुणी नाही. एकूण सात लेणी. मोठ्या लेण्याची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांच्या धर्तीवर, मधे खांबांचा प्रशस्त चौक, कडेला भिक्षूंच्या खोल्या. काही लेणी मूळ बौद्धांची आणि नंतर जैनांकडे आली, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. घर ज्याने बांधलं त्याचं श्रेय त्याला, ज्याने दिवा लावत ठेवला त्याचं त्याला. आत अंधार, ओल आणि वटवाघळांचा वास. डोळे सरावले की नागफणीखाली पार्श्वनाथ दिसू लागतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. अकराव्या शतकात कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिलं. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ मध्ये कारंज्याहून प्रसिद्ध केलं आणि त्यातली तेरापूरजवळची लेणी ती धाराशिवचीच, असं मांडलं. तेरापूर म्हणजे आपलं तेर. कथा अशी:

चंपेचा राजा दधिवाहन, त्याची राणी पद्मावती. (ही पार्श्वनाथांची यक्षी नव्हे, वेगळी.) राणीला दिवस गेले आणि डोहाळे लागले. कसले? आंबट-चिंबट नव्हे. तिला वाटलं, पुरुषाचा वेष करावा आणि राजाबरोबर हत्तीवर बसून फिरायला जावं. मैत्रिणींनो, अकराव्या शतकातल्या एका मुनींच्या ग्रंथात राणीला भटकायचे डोहाळे लागतात! राजाने पुरवले. पण हत्ती बिथरला आणि दोघांना घेऊन रानात पळत सुटला. राजाने वाटेत झाडाची फांदी धरून स्वतःची सुटका करून घेतली. राणी हत्तीवरच राहिली.

राजा घरी गेला. ती गेली नाही. तिचं मूल स्मशानात जन्मलं आणि मातंगाच्या घरी वाढलं. हाताला खाज होती म्हणून नाव करकंड. पुढे तो राजा झाला, पद्मावती आर्यिका झाली. एक दिवस बाप आणि लेक, एकमेकांना न ओळखता, समोरासमोर सैन्य घेऊन उभे राहिले. तेव्हा ती रणांगणात आली आणि म्हणाली, हा तुझा बाप, हा तुझा मुलगा. युद्ध थांबलं.

ती तिथपर्यंत कशी आली? आर्यिका हत्ती-घोड्यावर बसत नाहीत. चालत आली. कथेतले सगळे पुरुष हत्तींवर आणि रथांवर आहेत. शेवटचं महत्त्वाचं अंतर एक बाई पायी कापते.

मग करकंड दक्षिणेच्या स्वारीवर निघाला आणि तेरापूरजवळ त्याचा तळ पडला. तिथं त्याला कळलं की डोंगरात एक लेणं आहे आणि वर एका वारुळाची एक हत्ती रोज पाणी आणि कमळ वाहून पूजा करतो. वारूळ खणलं, तर आत पार्श्वनाथांची मूर्ती. लेण्यातल्या मूर्तीच्या सिंहासनावर मात्र एक गाठ होती. ती बरी दिसेना म्हणून राजाने फोडायला लावली, तर आतून पाण्याचा झोत सुटला आणि लेणं भरून गेलं. तिथे उभं राहून, पायाखाली ओल लागत असताना, ही कथा खोटी वाटत नाही. आईला एक हत्ती घेऊन पळाला, मुलाला दुसऱ्या हत्तीने देव दाखवला. कनकामर मुनींना हे जुळवताना मजा वाटली असणार.

मी हे सगळं मैत्रिणीला लेण्याच्या पायरीवर बसून सांगत होते, दशमीचा तुकडा हातात. ती म्हणाली, "म्हणजे तिने डोहाळे धरले नसते, तर ही मूर्ती सापडलीच नसती." तिने एका वाक्यात सांगितलं ते मला चार पुस्तकं वाचून सुचलं नव्हतं.

तेरला त्याच दुपारी जाऊन आलो. पार्श्वनाथांनंतर महावीरांचं दर्शन झालं आणि संग्रहालयही पाहिलं. तेर म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेलं तगर. पहिल्या शतकातल्या त्यांच्या दर्यावर्दी टिपणात त्याचं नाव येतं. इथं हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती सापडली आहे आणि तिच्याशी साम्य असलेली दुसरी इटलीतल्या पॉम्पेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली. तिथली १९३८ मध्ये सापडली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखातून माल रोमला जायचा आणि पूर्वेच्या बेटांवरून लवंग इकडे यायची. मैत्रीण काचेवर नाक टेकवून म्हणाली, "ही केवढीशी, आणि तिची जोडीदारीण इटलीला जाऊन बसली! तिला कुणी विचारलं नसेल, सोबत कोण."

तिसऱ्या दिवशी परत. दोघींचा मिळून खर्च, रिक्षा, धर्मशाळा, दानपेटी आणि अर्धा किलो पेढे धरून, पंधराशेच्या आत बसला. घाट उतरताना संध्याकाळचे पाच वाजले, तेव्हा चालत्या गाडीतच उरलेली दशमी खाऊन घेतली. बाटलीतल्या पाण्यात सकाळी टाकलेली लवंग तळाशी बसली होती.

बीडच्या स्टँडवर दीर स्कूटर घेऊन न्यायला आले होते. पेढे हातात घेतले, विचारलं काहीच नाही. मला वाटलं, नाराज असावेत.

चार दिवसांनी दुपारी दार वाजलं. मैत्रिणीची जाऊ, म्हणजे त्याच दिरांची बायको. हातात रिकामा डबा. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं, "ताई, दोन दिवसांना माणशी किती दशम्या लागतात?"